डान मुखवटे: लूट की खरेदी, हा प्रश्नच अपुरा आहे

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्यात आली आणि परदेशी संग्रहालयांतील वस्तू नेमक्या कोणाच्या, हा प्रश्न मराठी घरांतही चर्चिला जाऊ लागला. प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो केवळ आपल्या वस्तूंपुरता ठेवण्याचे कारण नाही. मात्र आफ्रिकेचा विषय निघाला की ही चर्चा फार लवकर दोन घोषणांवर येऊन थांबते. एका बाजूचे म्हणणे असे की तिथले सारे काही लुटीचे आहे, तेव्हा सरसकट परत पाठवा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ज्यांना त्या वस्तूंची किंमत नव्हती त्यांच्याकडून त्या विकत घेतल्या गेल्या, जपल्या गेल्या, म्हणूनच आज त्या पाहायला मिळतात. या वादात आफ्रिकेचे प्रतीक म्हणून जो चेहरा वारंवार पुढे केला जातो तो पुष्कळदा पश्चिम आफ्रिकेतील डान लोकांच्या मुखवट्याचा असतो: उंच कपाळ, लांबट अंडाकृती बांधणी, अर्धवट मिटलेल्या फटींसारखे डोळे, भरीव ओठ, निमुळती हनुवटी आणि काळी, गुळगुळीत झळाळी. दोन्ही बाजूंना तो चेहरा हवा असतो. तो कोणत्या गावचा, कोणत्या घराण्याचा, त्याचे काम काय होते, हे मात्र कोणीच विचारत नाही.

माझे म्हणणे असे आहे की डान मुखवट्यांच्या बाबतीत ‘लुटले की विकत घेतले’ एवढ्याच कसोटीवर न्याय होऊ शकत नाही. यांतले पुष्कळ मुखवटे कोणत्याही सैन्याने लुटलेले नाहीत आणि तसे ठोकून सांगणे खोटेपणाचे आहे. तरीही संग्रहालयांवर आणि संग्राहकांवर त्यांचे मोठे देणे आहे, कारण प्रत्येक मुखवट्याला जे नाव, जे काम, जे घराणे आणि जो इतिहास होता तो या हस्तांतरात पुसला गेला. म्हणून पहिली मागणी संग्रहालयांच्या नोंदींची असली पाहिजे: कोणता मुखवटा कोणत्या गावातून, कोणाकडून, केव्हा आणि किती मोबदल्यात आला, हे डान लोकांपुढे उघडे व्हावे. त्यानंतर ज्या घराण्याला आपला मुखवटा परत हवा असेल त्याला तो मिळावा आणि त्याचे पुढे काय करायचे हा निर्णयही त्याच घराण्याचा असावा, मग तो निर्णय कला-इतिहासकारांना कितीही क्लेशदायक वाटो.

डान लोकांची वस्ती आयव्हरी कोस्टच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात, मान, दानाने आणि बियांकुमा या शहरांच्या आसपास, तसेच सीमेपलीकडे लायबेरियाच्या निम्बा परगण्यात आहे. एकीकडे त्यांना याकुबा म्हणतात, दुसरीकडे गिओ. या समाजात राजा नव्हता, राजधानी नव्हती. प्रत्येक गाव आपापला कारभार पाहत असे. ही गोष्ट वादाच्या दृष्टीने निर्णायक आहे. १८९७ साली ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातील बेनिनचा राजवाडा फोडला आणि हजारो ब्राँझ व हस्तिदंती शिल्पे नेली; १८९२ साली फ्रेंच फौजेने दाहोमीच्या राजांची आबोमे ही राजधानी घेतली आणि तिथले सिंहासन व पुतळे पॅरिसला गेले. दोन्ही ठिकाणी तारीख आहे, सेनापती आहे, लुटीची यादी आहे. डान गावांत असा कोणताही एकवटलेला खजिना नव्हता. मुखवटे घराघरांत, वडीलधाऱ्यांच्या ताब्यात, छपराखाली गुंडाळून ठेवलेले असत आणि ते बाहेर गेले ते एकेक करून, अनेक दशकांत, अनेक हातांतून. अशा स्थलांतराला बेनिनची फूटपट्टी लावली की एक तर त्यात लूट नसल्याचा निर्वाळा द्यावा लागतो, नाही तर नसलेली लूट रचावी लागते.

मुळात जे स्थलांतरित झाले ते काय होते? डान समजुतीप्रमाणे गावाबाहेरच्या रानात अदृश्य शक्ती राहतात आणि त्यांतल्या काहींना माणसांच्या जगात येऊन सहभागी होण्याची इच्छा असते. अशी शक्ती एखाद्या पुरुषाच्या स्वप्नात येते, आपल्याला कोणत्या रूपात प्रकट व्हायचे आहे, कोणते नृत्य, कोणते गाणे, कोणता पोशाख हवा हे सांगते. तो माणूस ज्येष्ठांपुढे ते स्वप्न ठेवतो. त्यांनी मान्यता दिली तरच कारागिराकडून चेहरा कोरून घेतला जातो. अशा प्रकटलेल्या शक्तीला डान लोक ग्ले किंवा गे म्हणतात. तिच्यात लाकडी चेहऱ्याइतकेच स्थान डोक्यावरच्या शिरोभूषणाला, गवती झालरीच्या घेराला, सोबतच्या वादकांना, तिच्या बदललेल्या आवाजाला आणि तिचे बोलणे लोकांना समजावून सांगणाऱ्या सोबत्याला असते. काही गे तर लाकडी चेहऱ्याविनाच येतात: उंच काठ्यांवर तोल सांभाळत नाचणाऱ्या गेचा चेहरा कापडाच्या आवरणाने झाकलेला असतो, आणि म्हणूनच संग्रहालयांच्या काचेमागे तो कधी मोठा झाला नाही. संग्रहालयाला न्यायला त्याच्याकडे काही नव्हते.

या शक्तींची कामे इतकी निरनिराळी आहेत की ‘विधीचा मुखवटा’ असे एकच लेबल लावणाऱ्याने पाहण्याचे कष्टच घेतले नाहीत असे म्हणावे लागते. देआन ग्ले हा सौम्य, स्त्रीसुलभ चेहऱ्याचा गे; सुंता झालेली मुले रानातल्या तळावर राहतात तेव्हा तो गावात येऊन बायकांकडून त्यांच्यासाठी अन्न मागून नेतो. गुन्ये गेचे डोळे मात्र मोठे, गोल, कारण त्याला धावायचे असते: कोरड्या हंगामात तो मुखवटा न घातलेल्या तरुणाचा पाठलाग करतो आणि शर्यतीवर गावाची प्रतिष्ठा लागलेली असते. उत्तरेकडच्या सवाना भागात झाक्पाइ गे दुपारचा वारा सुटण्याआधी घरोघरी फिरून चुली विझल्या आहेत की नाही ते पाहतो, आणि जिथे निखारा सापडेल तिथे दंड वसूल करतो. गवती छपरांच्या वस्तीत हे काम किती मोलाचे असेल ते सांगायला नको. का ग्लेचा चेहरा कोनाकोनांचा, वर आलेल्या गालफडांचा, आणि तो आकड्याच्या काठ्या फेकत गावात धुमाकूळ घालतो. गो गे भांडणे मिटवतो आणि त्याने दिलेला निवाडा मोडण्याची छाती कोणाची होत नसे. शिवाय ही पदे कायमची नव्हती. एखाद्या नाचणाऱ्या मुखवट्याचा मान पिढ्यांगणिक वाढत जाऊन तो न्यायनिवाड्यापर्यंत पोहोचे. युद्धे थांबल्यावर युद्धाचे मुखवटे करमणुकीकडे वळले. चेहरा फुटला किंवा किडला तर नवा कोरून घेत, आणि शक्ती त्या नव्या चेहऱ्यात येई.

ज्यांनी जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहिला आहे त्यांना हे समजायला जड जाऊ नये; संबळ थांबला, मशाली विझल्या आणि सोंग घेणारा घरी गेला की भिंतीवर टांगलेल्या मुखवट्यात बोहाडा शिल्लक राहत नाही. डान मुखवट्यांच्या कडेने बारीक छिद्रांची एक ओळ असते. तिथून शिरोभूषण आणि पोशाख बांधला जाई. युरोपच्या काचपेट्यांत ती छिद्रे बहुधा रिकामी दिसतात, कारण व्यापाऱ्यांनी आणि संग्राहकांनी गवत, कापड, केस, कवड्या हे सारे कुजणारे आणि ‘कलेच्या आड येणारे’ म्हणून काढून टाकले, आणि उरलेले लाकूड पुसून, चकाकी देऊन ठेवले. म्हणजे संग्रहालयाने मुखवटा जपला हे विधान अर्धेच खरे आहे. त्याने एक भाग जपला, तो आपल्या अभिरुचीनुसार निवडला आणि उरलेल्याची विल्हेवाट लागली.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घ्यायला हवा. हे मुखवटे विकले गेले, आणि विकणारे स्वतः डान होते. हे खरे आहे. डान कारागीर परक्या ग्राहकांसाठी वसाहतकाळापासून मुखवटे कोरत आले आहेत. मान आणि आबिजान येथे आजही तशा कार्यशाळा चालतात. ज्या शेजारी समाजांशी लग्नसंबंध आणि व्यापार होता त्यांच्यासाठीही डान कारागिरांनी काम केले. स्रा नावाच्या १९५५ मध्ये वारलेल्या थोर मूर्तिकाराची कीर्ती तर डान, वे आणि मानो या तिन्ही समाजांच्या सरदारांपर्यंत पोहोचली होती. हे कारागीर दुबळे, भोळे, फसवले गेलेले लोक होते असे चित्र रंगवणे हा त्यांचा अपमान आहे, आणि ‘सारे लुटीचे’ म्हणणारी मंडळी, हेतू कितीही चांगला असला तरी, नेमका तोच अपमान करतात. ज्या मुखवट्यात कधी कोणतीही शक्ती आलीच नाही, जो विकण्यासाठीच कोरला होता, तो परत मागण्याचा प्रश्नच येत नाही. तो कारागिराच्या नावाने दाखवला गेला की पुरे.

परंतु विकण्यासाठी कोरलेला मुखवटा आणि घराण्याच्या छपराखालून काढून विकलेला मुखवटा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि खरेदीचे समर्थक हे अंतर सोयीस्करपणे विसरतात. दुसऱ्या प्रकारची विक्री कोणत्या काळात झाली ते पाहा. आयव्हरी कोस्ट या फ्रेंच वसाहतीत डोईपट्टी, म्हणजे माणशी कर, १९०१ पासून लागू होती. १९०८ नंतर गव्हर्नर आंगूल्व्हांच्या काळात फौजेच्या बळावर अंतर्भागातील गावे वठणीवर आणण्याची मोहीम चालली. आणि सक्तीची मजुरी कायद्याने बंद झाली ती थेट १९४६ साली. लायबेरियात परिस्थिती वेगळी होती का? तिथे युरोपीय सत्ता नव्हती, पण किनाऱ्यावरचे सरकार अंतर्भागातून दर झोपडीमागे कर वसूल करत होते आणि सीमादलाच्या साहाय्याने माणसे कामाला जुंपत होते. १९३० साली राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगाने सक्तीच्या मजुरीचे आरोप खरे ठरवल्यावर तिथल्या राष्ट्राध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. नेमक्या याच वर्षांत निम्बा परगण्यातील गांता येथे वैद्यकीय मिशन चालवणारे अमेरिकन डॉक्टर जॉर्ज हार्ले मानो आणि डान मुखवटे जमवत होते, आणि असे शेकडो मुखवटे त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयाकडे पाठवले. हार्ले यांनी त्या मुलखात हजारो रुग्णांवर उपचार केले, रोगराईशी झुंज दिली; त्यांना चोर म्हणणे अन्यायाचे होईल. पण कर भरायला पैसा हवा असलेला, जुने अधिकार हिरावले गेलेला, ज्याच्या मुखवट्याचे निवाडे सरकार आता मानत नाही असा एखादा ज्येष्ठ आपल्या घरचा गे एका परक्या डॉक्टरच्या हाती देतो, तेव्हा त्या व्यवहाराला ‘खुल्या मनाने केलेली विक्री’ असे नाव देऊन मोकळे होता येईल काय?

त्याहून अवघड प्रश्न विकणाऱ्याच्या अधिकाराचा आहे. ज्येष्ठांच्या संमतीशिवाय जो मुखवटा अस्तित्वातच येत नाही, जो घराण्यात वारशाने चालतो, ज्याच्या निवाड्यावर साऱ्या गावाचा भरवसा असतो, तो एकट्या माणसाने विकावा हे त्या समाजाच्या कायद्याला धरून होते का? बहुतेक व्यवहारांत हा प्रश्न विचारलाच गेला नाही, कारण खरेदी करणाऱ्याच्या कायद्यात ज्याच्या हातात वस्तू तो मालक, एवढे पुरेसे होते. आपल्याकडच्या एका खटल्याने हा विचार इंग्रजी न्यायालयातच खोडून काढला आहे. तामिळनाडूतील पातूर येथे १९७६ साली जमिनीत सापडलेली नटराजाची मूर्ती फिरत-फिरत लंडनला पोहोचली, एका कॅनडियन कंपनीने ती विकत घेतली, आणि तरीही १९९१ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ती ज्याची होती त्या पातूरच्या पडझड झालेल्या मंदिराचा दावा मान्य केला. मूर्ती ज्याला सापडली तो मालक ठरला नाही, ज्याने पैसे मोजले तोही ठरला नाही. एका समाजाच्या कायद्यात देवस्थान हा हक्कदार असेल तर परक्या न्यायालयाने तो हक्क विचारात घ्यावा, हे तत्त्व एकदा मान्य झाल्यावर डान घराण्याच्या बाबतीत ते का लागू होऊ नये, याचे उत्तर खरेदीच्या समर्थकांनी द्यायला हवे.

कलेच्या नावाने केला जाणारा युक्तिवाद मला अधिक अस्वस्थ करतो, कारण त्यात प्रेम आहे. १९०७ च्या सुमारास पॅरिसमधील चित्रकारांनी आफ्रिकी मुखवटे पाहिले, त्यांच्या दृष्टीत क्रांती झाली आणि विसाव्या शतकाच्या कलेने वेगळे वळण घेतले. तेव्हा हे मुखवटे साऱ्या मानवजातीचे आहेत, असे सांगितले जाते. त्या प्रभावाबद्दल वाद नाही. पण ज्या कलेला आपण एवढे मानतो तिच्या कर्त्याचे नाव जाणून घेण्याची गरज कोणालाच का वाटली नाही? युरोपात जुन्या वस्तूच्या वंशावळीला फार महत्त्व दिले जाते, आणि डान मुखवट्यांनाही अशी वंशावळ असते; परंतु तिच्यात पॅरिसचा व्यापारी असतो, ब्रुसेल्सचा संग्राहक असतो, लिलावाची तारीख असते, आणि सुरुवातीच्या जागी ‘डान, आयव्हरी कोस्ट किंवा लायबेरिया’ एवढेच असते. ही माहिती मिळण्यासारखी नव्हती असे म्हणण्याची सोय नाही. जर्मन अभ्यासक हान्स हिमेलहेबर १९३३ पासून आयव्हरी कोस्टमध्ये फिरू लागले, कारागिरांसमोर बसून त्यांना प्रश्न विचारू लागले. पुढे त्यांनी आणि एबरहार्ड फिशर यांनी डान मुलखात केलेल्या कामातून स्रा, तामे, सी, तॉम्पिएमे अशा कारागिरांची नावे आणि त्यांची शैली ओळखता येऊ लागली. विचारणाऱ्याला नावे मिळाली. बाकीच्यांनी विचारले नाही, आणि अनामिकतेलाच आफ्रिकी कलेचे वैशिष्ट्य ठरवून टाकले.

नावाची आणि माहितीची ही विषमता पैशातही उतरते. गॅबनच्या फांग लोकांचा एक मुखवटा फ्रान्समधील एका वृद्ध जोडप्याने २०२१ साली जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला १५० युरोला विकला, आणि २०२२ साली माँपेलिये येथील लिलावात त्याला ४२ लाख युरो मिळाले. जोडप्याने दावा लावला, गॅबन सरकारनेही त्यात आपला हक्क सांगितला; आलेसच्या न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरात दोघांचीही मागणी फेटाळली. वस्तूची खरी योग्यता विकणाऱ्याला ठाऊक नव्हती म्हणून विक्री रद्द होत नाही, असा त्याचा अर्थ. फ्रान्समध्ये राहणाऱ्या, वकील करू शकणाऱ्या जोडप्याची ही गत असेल, तर १९३० च्या दशकात करासाठी चार नाणी शोधणाऱ्या खेडुताच्या ‘संमती’ला किती वजन द्यायचे?

जपणुकीचा मुद्दा भावनेने उडवून लावता येणारा नाही. लायबेरियाची यादवी १९८९ च्या डिसेंबरात सुरू झाली ती निम्बा परगण्यातच, आणि गिओ व मानो लोकांचे वेचून शिरकाण झाले. जुलै १९९० मध्ये मन्रोव्हियातील एका चर्चमध्ये आसरा घेतलेल्या शेकडो जणांना सैनिकांनी ठार मारले, त्यांत बहुसंख्य याच दोन समाजांचे होते. मन्रोव्हियाचे राष्ट्रीय संग्रहालय त्या काळात लुटले गेले. आयव्हरी कोस्टमध्ये २००२ च्या बंडात मान शहर बंडखोरांच्या हाती पडले, आणि २०११ च्या संघर्षात आबिजानच्या संस्कृती संग्रहालयातून सुमारे १२० वस्तू चोरीला गेल्या. त्या काळात पीबॉडीमधील मुखवटे सुरक्षित होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र युद्धाचा धोका ही आफ्रिकेची खासियत नाही. लाइप्झिगचे ग्रासी संग्रहालय डिसेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले आणि जगभरातून जमवलेल्या हजारो वस्तू नष्ट झाल्या. त्यावरून कोणी असा निष्कर्ष काढला नाही की युरोपीय चित्रे आता अन्य खंडांत हलवावीत. संकटकाळात वस्तू सांभाळणे हे सत्कृत्य आहे. सांभाळणाऱ्याला त्याबद्दल कृतज्ञता लाभावी, मालकी नव्हे.

शिवाय जपणूक म्हणजे नेमके काय, यावरच एकमत नाही. चेहरा किडला की नवा कोरायचा, असे मानणाऱ्या समाजाला लाकडाच्या चिरंतनतेची आस नसते. त्याला गेच्या अखंडतेची आस असते. अमेरिकेतील झुनी लोकांनी १९७८ पासून संग्रहालयांकडे आपल्या युद्धदेवतांच्या लाकडी मूर्ती मागायला सुरुवात केली. मूर्ती परत मिळाल्यावर त्यांनी त्या उघड्यावरच्या देवस्थानांत ठेवल्या, जेणेकरून उन्हापावसात त्या झिजून मातीत मिसळाव्यात. कारण त्यांच्या धर्मात त्या मूर्तींचे काम त्या झिजण्यानेच पूर्ण होते. संग्रहालयांचा यातून जीव कळवळला असणार. तरीही डेन्व्हरपासून स्मिथसोनियनपर्यंत एकेका संस्थेने मूर्ती परत केल्या. एखाद्या डान गावाने परत आलेला मुखवटा नाचवून झिजवला, तर त्या लाकडाचे जे काम होते तेच ते करत असेल. ‘आम्ही देऊ, पण तुम्ही ते तापमान-नियंत्रित खोलीत ठेवले पाहिजे’ ही अट घालणारा देण्याचे नाव घेऊन मालकी स्वतःकडेच ठेवतो.

आणखी एक आक्षेप आहे, तो बहुधा पुरोगामी मंडळींकडून येतो आणि मला तो गंभीर वाटतो. या मुखवट्यांनी धाक बसवला, गुपितांच्या जोरावर सत्ता चालवली, स्त्रियांना दूर ठेवले. मग त्यांच्या पुनःस्थापनेला न्याय कसे म्हणायचे? मुखवटा घालणारे पुरुषच असत, काही गे समोर आले तर बायकांना घरात कोंडून घ्यावे लागे, हे खरे आहे. हार्ले यांनी आपल्या लेखनात याच धाकाच्या बाजूवर भर दिला आणि पुढच्या अभ्यासकांनी त्यांचे चित्र फार एकसुरी असल्याचे दाखवले, तरी धाक होताच. त्याच समाजात सर्वांत उदार यजमानीण म्हणून निवडल्या गेलेल्या स्त्रीला मोठा कोरीव पळा मिळे, आणि त्या पळ्यात मुखवट्यासारखीच शक्ती वसते असे मानत. तेवढ्याने विषमता मिटली असा दावा मी करणार नाही. पण सुधारणा कोणी करायची? १९१३-१४ मध्ये लायबेरियाचा ख्रिस्ती प्रवचनकार विल्यम वाडे हॅरिस आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याने फिरला आणि गावोगावी पूजेच्या वस्तूंच्या होळ्या पेटल्या. १९६० च्या आसपास शेजारच्या गिनीत सेकू तुरे यांच्या सरकारने ‘अंधश्रद्धा उघडी पाडण्याची’ मोहीम चालवली: वनप्रदेशातील गावांत मुखवटे चौकात आणून बायकामुलांसमोर उघडे केले, जाळले. त्यातून स्त्रिया मुक्त झाल्या असे त्या राजवटीचा पुढचा इतिहास पाहून कोणी म्हणू धजणार नाही. गावाची एक सत्ता मोडली आणि तिच्या जागी पक्षाची सत्ता आली. डान स्त्रीपुरुषांनी आपल्या गेविषयी काय ठरवावे, हा वाद त्यांच्यातच व्हायला हवा, आणि तो होण्यासाठी ज्याच्याविषयी वाद घालायचा ते त्यांच्यापुढे असायला हवे.

शेवटचा आणि व्यवहारात सर्वांत कठीण प्रश्न: परत द्यायचे ते कोणाला? २०१८ च्या नोव्हेंबरात फ्रान्स सरकारला सादर झालेल्या अहवालाने फ्रान्सच्या सार्वजनिक संग्रहांत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेच्या सुमारे ९० हजार वस्तू असल्याचे सांगितले. त्यांतल्या ७० हजारांच्या आसपास एकट्या पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयात आहेत. डान लोकांच्या मुलखातून दोन देशांची सीमा जाते. आबिजान किंवा मन्रोव्हियाचे सरकार म्हणजे डान समाज नव्हे. लायबेरियात तर एका सरकारने त्यांचेच रक्त सांडले. मुखवटा एका राजधानीच्या काचपेटीतून दुसऱ्या राजधानीच्या काचपेटीत गेला, तर ज्या घराण्याचा तो होता त्याला काय मिळाले? हा आक्षेप बिनतोड आहे आणि सरसकट परतीच्या समर्थकांकडे त्याला उत्तर नाही. पण तो परत न करण्याचा आधार होऊ शकत नाही. ज्याला द्यायचे त्याला शोधण्याचे बंधन मात्र तो घालतो. आयव्हरी कोस्टच्या एब्रिए लोकांचा दिजी आयोक्वे नावाचा बोलका ढोल १९१६ साली वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात त्या समाजाच्या प्रमुखांनी पॅरिसला जाऊन त्याच्यावर आवश्यक ते विधी केले आणि २०२५ साली फ्रेंच संसदेने तो परत देण्यासाठी स्वतंत्र कायदा संमत केला. ढोलाला नाव होते, तो कोणाचा ते ठाऊक होते, म्हणून समाज दारात उभा राहू शकला. डान मुखवट्यांना नावे होती, ती लिहून घेतली गेली नाहीत, किंवा लिहिली गेली आणि परक्या भाषांतील वह्यांत बंद झाली.

त्या वह्या कुठे आहेत हे गुपित नाही. हिमेलहेबर यांची छायाचित्रे आणि टिपणे झुरिकच्या रीटबर्ग संग्रहालयात आहेत, हार्ले यांच्या वस्तू आणि नोंदी पीबॉडीत. त्यांतील प्रत्येक गावाचे नाव, प्रत्येक विक्रेत्याचा उल्लेख, प्रत्येक छायाचित्र फ्रेंच, इंग्रजी आणि डान भाषेत उतरवून मान, दानाने आणि निम्बातील गावांपर्यंत पोहोचवणे हे काही वर्षांचे, खर्चाचे आणि कंटाळवाणे काम आहे. त्यात ना समारंभ आहे, ना राष्ट्राध्यक्षांचे भाषण. ते करताना पुष्कळ मुखवटे कोणाचेच नाहीत असे आढळेल, काही घराणी ‘आमच्याकडे नवा चेहरा आहे, जुना तिथेच राहू द्या’ असे म्हणतील, काहींना विक्रीचा योग्य मोबदला एवढेच हवे असेल, तर काही जण मुखवटा घ्यायला येतील. ही सारी उत्तरे संग्रहालयांनी स्वीकारली पाहिजेत. आणि सुरुवात तळहातावर मावणाऱ्या छोट्या मुखवट्यांपासून व्हावी. डान पुरुष असे मुखवटे जवळ बाळगत, त्यांना अन्न व तेल अर्पण करत, परगावी गेल्यावर तेच आपले रक्षण करतात असे मानत. ते नाचासाठी नव्हते, कोणाला दाखवण्यासाठी नव्हते. त्यांच्या बाबतीत ना कलेचा प्रभाव सांगता येतो, ना सार्वजनिक प्रदर्शनाचे हित. ज्या नोंदीत गावाचे नाव आहे तिथे वारस शोधावा, आणि तो सापडला की त्याच्याकडून कोणताही पुरावा न मागता मुखवटा त्याच्या हाती द्यावा.